कोकणातल्या दमट घरातल्या चारशे सीडी-डीव्हीडी हार्ड डिस्कवर कशा घ्यायच्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या घरी वडिलांनी पंचवीस वर्षांत जमवलेल्या सुमारे ४०० डिस्क आहेत: २६० व्हीसीडी, १२० डीव्हीडी, ६ ब्लू-रे आणि मार्करने नावं लिहिलेल्या १४ घरगुती. तुम्ही ठाण्याला असता. गणपतीला आठ दिवस घरी जाणार आहात आणि तेवढ्यात सगळं हार्ड डिस्कवर घेऊन वडिलांना टीव्हीवर रिमोटने लावता येईल असं करून द्यायचंय. त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं, फॉरमॅट कुठला आणि कॉम्प्रेस किती करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी कुडाळला १९९९ पासून सीडी लायब्ररी चालवली, लग्नांचं शूटिंग केलं, आणि आता दहाएक वर्षं मुख्यतः लोकांच्या जुन्या कॅसेट आणि डिस्क उतरवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाही. सॉफ्टवेअर एका संध्याकाळी शिकून होतं. खरी अडचण अशी की त्या ४०० पैकी काही डिस्क आजच मरायला टेकल्या आहेत, काही अजून वीस वर्षं सहज चालतील, आणि नुसतं कपाट उघडून कुठली कशात मोडते ते कळत नाही. फॉरमॅट आणि कॉम्प्रेशन पुढच्या वर्षी ठरवलं तरी बिघडत नाही. डिस्क वाचून घ्यायचं काम मात्र पुढच्या वर्षावर टाकता येत नाही.

डिस्क आतून कशी असते ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सीडी आणि व्हीसीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट, त्याच्या वर, म्हणजे छापील बाजूला, ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आणि त्यावर नुसता लाखेचा हात. माहिती त्या छापील बाजूच्या अगदी खाली असते. लोक चमकती बाजू जपतात आणि छापील बाजू खाली करून टेबलावर ठेवतात, पण व्हीसीडीच्या बाबतीत छापील बाजूचा ओरखडा जास्त घातक, कारण तो थेट ॲल्युमिनियम घेऊन जातो. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध असते. म्हणून डीव्हीडी थोडी सुरक्षित, पण कडेने चिकटवण सुटली की दमट हवा आत शिरते. घरी भरलेल्या डिस्कमध्ये कारखान्यात प्लॅस्टिकवर ठशाने उठवलेले खड्डे नसून बहुधा रंगाचा सेंद्रिय थर असतो, आणि तो ऊन, उष्णता व दमटपणा या तिन्हींनी उतरतो. तुमच्या त्या १४ डिस्क बहुधा या जातीच्या आहेत.

अशा डिस्क ठेवायला हवेत २० ते ५० टक्के आर्द्रता योग्य मानतात. आपल्या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर बहुतेक दिवस ती ८० टक्क्यांच्या वर असते, त्यात खारं वारं. कपाट पश्चिमेच्या, पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला टेकलेलं असेल तर आत वर्षभर ओल राहते. बुरशी डिस्कवर धरते एवढंच नाही, ती आत शिरून थर खाऊ शकते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या देशातून आलेल्या एका सीडीवर २००१ साली शास्त्रज्ञांना असं नेमकं आढळलं होतं. तिथली हवाही आपल्यासारखीच गरम आणि दमट.

तेव्हा पहिल्या संध्याकाळी संगणक उघडूच नका. ओटीवर चटई टाका, वडिलांना शेजारी बसवा आणि डिस्कचे ढीग करा. कुठला चित्रपट चांगला, हा निकष लावायचा नाही. ही डिस्क गेली तर दुसरीकडे कुठे मिळेल का, एवढंच विचारायचं. १४ घरगुती डिस्कचा पहिला ढीग. दुसऱ्या ढिगात गावातल्या दशावतार मंडळांच्या, भजनाच्या डबलबारीच्या, मालवणी नाटकांच्या व्हीसीडी. यातल्या कित्येक स्थानिक स्टुडिओंनी थोड्या प्रतीत काढल्या, ते स्टुडिओ बंद झाले आणि मूळ टेप कुणाकडे राहिल्या नाहीत. लायब्ररी चालवताना जत्रेच्या हंगामात अशा व्हीसीडी मी स्वतः गठ्ठ्याने विकल्या आहेत. आज त्यातली एकही बाजारात दिसत नाही. तिसऱ्या ढिगात जुने, फारसे न गाजलेले मराठी चित्रपट. शेवटचा ढीग गाजलेल्या हिंदी-इंग्रजी चित्रपटांचा. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणल्यावर घरोघरी असे साठे झाले. तुमच्याकडेही निम्म्याहून जास्त डिस्क त्याच असतील. त्या थांबू शकतात, कारण तोच चित्रपट आज दुसरीकडे आणि बहुधा जास्त स्वच्छ मिळतो.

वडिलांना शेजारी बसवायचं कारण केवळ मान ठेवणं एवढंच नाही. मार्करने ‘मे २००४’ एवढंच लिहिलेल्या डिस्कवर काय आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. ते सांगत जातील तसं वहीत लिहून घ्या. डिस्कला नंबर द्यायचा तर मधल्या पारदर्शक गोलावर द्या, छापील भागावर पेन टेकवू नका.

वर्गवारी करतानाच प्रत्येक व्हीसीडी कडांनी धरून ट्यूबलाइटसमोर आडवी करून बघा. छापील बाजूतून आरपार टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे, आणि तो ठिपका वाढत जाणार. अशी डिस्क आपल्या ढिगात सगळ्यात वर ठेवा. प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटातल्या व्हीसीडी दमट हवेने पाकिटाला चिकटतात आणि कव्हरचा कागद छापील बाजूला धरतो. तो सरळ ओढलात तर कागदाबरोबर ॲल्युमिनियमचा पापुद्रा निघतो आणि डिस्कला आरपार खिडकी पडते. एका गिऱ्हाइकाने माझ्यासमोर घाईने अशी एक ओढली. त्या खिडकीएवढं नाटक कायमचं गेलं. पाकीट दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, पुस्तकासारखं उघडा आणि कागद चिकटलेलाच असेल तर तसाच राहू द्या. लेझर दुसऱ्या बाजूने वाचतो, कागदाने त्याचं काही अडत नाही. फक्त कागदाची सुटी टोकं कापून टाका, नाहीतर ड्राइव्हमध्ये फिरताना अडकतील.

धुणं सोपं आहे. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, चष्म्याचं मऊ कापड. मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल कधीच नाही, कारण माहितीचा मार्ग गोल असतो आणि गोल ओरखडा एकाच ठिकाणची सलग माहिती नेतो. आडवा ओरखडा डिस्कची त्रुटी-सुधारणा, म्हणजे चुका दुरुस्त करायला डिस्कवर लिहिलेली जास्तीची माहिती, भरून काढते. टूथपेस्टने घासायचा उपाय सगळीकडे सांगतात, तो १४ घरगुती डिस्कच्या जवळही नेऊ नका. व्हीसीडीची छापील बाजू घासायचीच नाही. धुतल्यावर सावलीत, कागदावर न टेकता, मधल्या भोकात पेन्सिल घालून वाळवा.

आता ड्राइव्ह. यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह सोयीचा, पण खराब डिस्कच्या बाबतीत मला जुन्या डेस्कटॉपमधल्या मोठ्या ड्राइव्हचा अनुभव जास्त चांगला आहे. तुमच्या ओळखीत कुणाचा जुना डेस्कटॉप पडून असेल तर त्यातला ड्राइव्ह काढून घ्या. स्वतंत्र वीजपुरवठ्याचं साटा-यूएसबी ॲडाप्टर लावलं की तो लॅपटॉपला चालतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह जवळ ठेवा. एकाने नाकारलेली डिस्क दुसरा बिनतक्रार वाचतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. ब्लू-रेला ब्लू-रे ड्राइव्हच लागतो. सहा डिस्कसाठी तो विकत घ्यायचा की नाही, हे त्या सहा कुठल्या आहेत यावर आहे. गाजलेले इंग्रजी चित्रपट असतील तर मी घेणार नाही. आणि एक काळजी इथल्या हवेची: एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या ड्राइव्हच्या भिंगावर लगेच दव धरतं. अर्धा तास तसाच ठेवा, मग चालू करा.

घरगुती डिस्क साध्या कॉपी-पेस्टने घेऊ नका. विंडोजमध्ये फाइल कॉपी करताना एक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा माहितीचा एक छोटा तुकडा, वाचता आला नाही की सगळी फाइल सोडून दिली जाते, आणि तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायच्या नादात ड्राइव्ह तासन्‌तास कुरकुरत राहतो. यासाठी लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं तरी पुरतं. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं भराभर उचलतं, अडणारे भाग बाजूला ठेवतं आणि त्यांची नोंद एका मॅप फाइलमध्ये करतं. मग दुसऱ्या फेरीत फक्त उरलेल्या भागांवर झटतं. मॅप फाइल तीच ठेवून तुम्ही डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालू शकता, आणि पहिल्याला न जमलेले तुकडे दुसरा भरून काढतो.

वेंगुर्ल्याकडचे एक गृहस्थ २००६ च्या लग्नाची डीव्हीडी घेऊन आले होते. हळदीच्या रात्री त्यांची आई जात्यावर बसून गात होती आणि तिच्या आवाजाचं ते एकमेव रेकॉर्डिंग. टीव्हीला लावली की मधेच अडकायची. “माझ्या आवशीचो आवाज तेवढो गावलो तरी पुरे,” एवढंच म्हणाले. कडेला दोन बोटं रुंदीचा तपकिरी पट्टा आला होता. रात्री साडेदहाला लावली. सकाळी बघतो तर ४.२ जीबीपैकी २१२ एमबी सोडून सगळं आलेलं. दुसऱ्या फेरीत ४० एमबी उरले. ड्राइव्ह बदलला, वेग अगदी कमी केला, दुपारपर्यंत ३ एमबी उरले आणि तिथून पुढे काही हलेना. त्या ३ एमबीत पंगतीतली काही सेकंदं गोठली. हळद अखंड आली, जात्याच्या घरघरीसकट. पहिल्याच वेळी मी नेहमीच्या पद्धतीने कॉपी केली असती तर “डिस्क वाचता येत नाही” असं सांगून परत दिली असती, म्हणून हे इतकं विस्ताराने लिहितोय.

त्या १४ मध्ये ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क असतील तर त्या हँडीकॅममधल्या. आत ओढून घेणाऱ्या, तबक नसलेल्या ड्राइव्हमध्ये त्या चुकूनही घालू नका. रेकॉर्डिंगनंतर फायनलाइझ न केलेली, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता येईल अशी बंद न केलेली, डिस्क संगणकाला रिकामी दिसते. ती रिकामी नसते. हँडीकॅम अजून चालत असेल तर त्यातच फायनलाइझ करा, नसेल तर आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर तशा डिस्कमधूनही माहिती काढतं.

बाजारातल्या डीव्हीडीसाठी मी मेकएमकेव्ही वापरतो. ते चित्र आणि आवाज जसाच्या तसा, काही न घटवता, एका एमकेव्ही फाइलमध्ये काढतं. सबटायटल आणि सगळे आवाजाचे ट्रॅकही राहतात. मेनू जातो. लग्नाच्या डीव्हीडीचा मेनू कुणीतरी हौसेने केलेला असतो, म्हणून घरगुती डिस्कची मात्र पूर्ण आयएसओ प्रतही, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये, ठेवा. कायद्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बरेच जण पुढे विचारतात. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या उचित वापराला जागा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने डिस्कवरचं कॉपी रोखणारं कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं. माझा नियम साधा आहे. स्वतःची विकत घेतलेली डिस्क, स्वतःच्या घरातला टीव्ही, मूळ डिस्क जपून ठेवलेली. नातेवाइकांना पेन ड्राइव्हवर चित्रपट वाटायचे नाहीत, आणि कुणी भाड्याने आणलेली डिस्क उतरवून मागितली तर मी ती करून देत नाही.

आता कॉम्प्रेशन. तुम्ही यावर बराच विचार केलेला दिसतो, पण आधी हिशेब बघा. एका व्हीसीडीला जास्तीत जास्त ८०० एमबी धरले तर २६० च्या २०८ जीबी होतात. सगळ्या १२० डीव्हीडी दुहेरी थराच्या, ८.५ जीबीच्या धरल्या तरी १,०२०. घरगुती १४ च्या ६६. सहा ब्लू-रे प्रत्येकी ५० जीबी धरून ३००. सगळं मिळून १,६०० जीबीच्या आत, म्हणजे काहीही न घटवता सगळा साठा २ टीबीच्या एका डिस्कवर बसतो. मग कशासाठी शंभर रात्री लॅपटॉप तापवायचा? डीव्हीडीतलं चित्र आधीच एकदा एमपीईजी-२ या फॉरमॅटमध्ये दाबलेलं असतं. ते पुन्हा दाबलं की अंधारातले प्रसंग आणि पावसाचे प्रसंग आधी बिघडतात, आणि एकदा गेलेला तपशील परत येत नाही.

याला अपवाद एकच. तुमच्या टीव्हीला किंवा टीव्ही स्टिकला एमपीईजी-२ चालवता येत नसेल तर बघण्यासाठी वेगळी प्रत करावी लागेल. ते आधी एका डिस्कवर तपासा. गरज पडलीच तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ हा फॉरमॅट घ्या, आरएफ हा दर्जाचा आकडा (जितका कमी तितकं चित्र चांगलं) १८ ते २० च्या दरम्यान ठेवा, आणि हलत्या गोष्टींच्या कडांना कंगव्याचे दात दिसत असतील तर डीइंटरलेस चालू करा. मूळ एमकेव्ही मात्र पुसू नका.

व्हीसीडीचं वेगळं आहे. तिचं चित्र ३५२ बाय २८८ एवढंच, मोठ्या टीव्हीवर धूसर दिसणारच. ते मोठं करून पुन्हा एन्कोड केल्याने धूसरपणाच मोठा होतो. मोठं करायचं काम टीव्हीवर सोडा. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल नुसती कॉपी करू नका. व्हीसीडीवर चित्राच्या सेक्टरची रचना वेगळी असते, त्यातला त्रुटी-सुधारणेचा जास्तीचा थर जागा वाचवण्यासाठी काढलेला असतो. म्हणून ओरखडा लागताच विंडोज कॉपी सोडून देतं, आणि डीडीरेस्क्यूही इथे नेहमीच्या पद्धतीने कामाचं नाही. आयसोबस्टरमध्ये फक्त एमपीईजी चित्राच्या फ्रेम गाळून काढायचा पर्याय आहे, लिनक्सवर व्हीसीडीएक्सरिप आहे. दोन-तीन डिस्कमध्ये विभागलेला चित्रपट नंतर एमकेव्हीटूलनिक्सने न घटवता जोडून एक फाइल करता येतो. मध्यंतराला उठून डिस्क बदलायची वडिलांची पंचवीस वर्षांची खटपट तिथे संपते.

उतरवलेली फाइल सुरुवातीची दोन मिनिटं बघून पास करू नका. डिस्कवर माहिती मधून बाहेर लिहिलेली असते, आणि बोटांचे डाग, बुरशी, चिकटवण सुटणं हे सगळं कडेने सुरू होतं. म्हणून व्हीसीडी आणि एका थराच्या डीव्हीडीचा शेवट आधी बिघडतो, शेवटची दहा मिनिटं बघा. दुहेरी थराच्या डीव्हीडीत दुसरा थर बहुधा कडेकडून आत परत येतो, त्यामुळे तिथे कडेचा बिघाड चित्रपटाच्या मध्यावर दिसतो. मधला भाग आणि शेवट असं दोन्ही बघितलं की माझा विश्वास बसतो.

लांबी जुळत नाही म्हणून मात्र घाबरू नका. चित्रपटगृहात सेकंदाला २४ चित्रं चालतात आणि पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या, पद्धतीच्या डीव्हीडीवर २५. १५० मिनिटांचा चित्रपट तिथे १४४ मिनिटांत संपतो, काही कापलेलं नसतं. गाणी जराशी वरच्या पट्टीत लागतात ती यामुळेच. ज्याचा कान तयार आहे त्याला हे खटकतं. मलाही खटकतं, तरी मूळ फाइलमध्ये मी हात घालत नाही.

नावं देताना प्रत्येक चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर, नाव आणि कंसात वर्ष. वर्ष गाळू नका. ‘श्यामची आई’ १९५३ चा आहे आणि २०२३ चाही, आणि वर्ष नसेल तर टीव्हीवर पोस्टरसकट यादी दाखवणारं लायब्ररीचं सॉफ्टवेअर जुन्यावर नव्याचं पोस्टर लावून मोकळं होतं. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, कारण काही टीव्ही देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात. लायब्ररीत दिसणारं नाव देवनागरीत करता येतं. दशावतार आणि नाटकं कुठल्याही ऑनलाइन यादीत सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी व्हीसीडीच्या कव्हरचा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने फोटो काढा आणि त्याच फोल्डरमध्ये पोस्टर या नावाने ठेवा. वडिलांनी कव्हरच्या मागे तारीख किंवा कुणाबरोबर बघितलं ते लिहिलं असेल तर त्या बाजूचाही फोटो घ्या. माझ्या गिऱ्हाइकांची म्हातारी माणसं नाव वाचून चित्रपट शोधत नाहीत, कव्हर ओळखून शोधतात. तेच कव्हर टीव्हीवर दिसलं की रिमोट आपोआप त्यांच्या हातात जातो.

लावायचं कसं, हे घरात कोण असतं यावर ठरतं. वडील एकटेच असतील आणि बिघडलं तर बघायला कुणी नसेल तर सर्व्हरच्या भानगडीत पडू नका. पोर्टेबल हार्ड डिस्क टीव्हीच्या मागे लावा, आठ-दहा फोल्डर करा, झालं. ती डिस्क एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस यांतलं टीव्ही कुठलं घेतो ते तपासा. घरी भाऊ, भाचा असं कुणी जाणतं असेल तर जेलीफिन हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवा, ते एका संगणकावरचे चित्रपट टीव्हीला पुरवतं. ते फुकट आहे, घरच्या वायफायवर इंटरनेट नसतानाही चालतं, आणि अर्धवट सोडलेला चित्रपट पुन्हा तिथूनच सुरू होतो. त्यासाठी नवीन खोका घ्यायची गरज नाही, जुना लॅपटॉप घ्या. त्याची बॅटरी थोडी जरी धरत असली तरी तोच यूपीएस होतो. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज दिवसातून पाच वेळा येते-जाते, आणि लिहिताना अचानक बंद पडलेल्या हार्ड डिस्क माझ्या टेबलावर दर जून आणि ऑक्टोबरमध्ये येतात. गडगडायला लागलं की टीव्ही आणि वायफायच्या तारांबरोबर हाही प्लग काढायचा, हे वडिलांना एकदा दाखवून ठेवा.

दुसरी प्रत करायचीच, आणि ती देवगडच्या घरात ठेवायची नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं त्यानंतर माझ्याकडे एक कुटुंब संगणक आणि बॅकअपची हार्ड डिस्क दोन्ही घेऊन आलं. दोन्ही एकाच कपाटात होती आणि दोन्ही चिखलाने भरलेली. बॅकअप त्यांनी नेमाने घेतला होता. फक्त जागा एकच होती. तुमची दुसरी प्रत ठाण्याला राहू दे. देवगडची हार्ड डिस्क बरेच दिवस लागणार नसेल तेव्हा झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की बदला, आणि पावसाळ्याआधी एकदा व दिवाळीनंतर एकदा अशी वर्षातून दोनदा तासभर तरी चालवा.

आता तुमचे आठ दिवस. एका चांगल्या डीव्हीडीला २० मिनिटं, व्हीसीडीला ६, घरगुतीला सरासरी अर्धा तास धरला तरी नुसतं वाचनच ७० तासांच्या पुढे जातं, आणि खराब डिस्क निघाल्या की शंभर. गणपतीत आरत्या, पाहुणे, भजनं सोडून तुम्ही लॅपटॉपपुढे बसणार नाही आणि बसूही नये. शिवाय भाद्रपदात हवा दमटच असते. म्हणून त्या आठवड्यात एवढंच करा: पहिल्या संध्याकाळी वर्गवारी, दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन ढिगांची धुलाई, आणि रोज रात्री झोपताना एक घरगुती डिस्क डीडीरेस्क्यूला लावून ठेवणं. दिवसा येता-जाता दशावताराच्या व्हीसीडी होतील. उरलेल्या डीव्हीडी वडिलांची परवानगी असेल तर ठाण्याला न्या आणि रोज रात्री दोन-दोन करा. त्या जानेवारीपर्यंत सहज संपतील. ज्या ते नेहमी बघतात त्या मात्र उतरवून टीव्हीवर चालून दाखवेपर्यंत घरातून हलवू नका.

मूळ डिस्क टाकायच्या नाहीत. नवी पाकिटं घ्या, कपाट झडीच्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा, डिस्क उभ्या ठेवा. १४ पैकी एखादी दोन्ही ड्राइव्हवर अडली तर तिच्यावर आणखी प्रयोग करू नका. अर्धवट प्रत आणि मॅप फाइल जपून ठेवा, आणि डिस्क कुठल्या कंपनीची आहे, अडलेला भाग आतल्या बाजूला आहे की कडेला, ते मला लिहा. त्यावरून पुढे काय करता येईल ते सांगतो.